होमाई व्यारावाला, डालडा १३ आणि आमच्या बर्डीच्या स्टुडिओचा शिक्का

बर्डीवाली (रविवार, रात्री १०.४०)

माळा साफ करताना तीन डबे खाली आले. दोन डालडाचे, एक बिस्किटांचा चौकोनी. वाटलं खिळे-स्क्रू असतील. उघडले तर आत बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह, गच्च भरलेल्या.

सीताबर्डीला आमचा फोटो स्टुडिओ होता. बाबा कॅमेऱ्यामागे, आई डार्करूममध्ये. १९९९ साली बंद केला. कलर लॅब आल्यापासून तसाही तो आचकेच देत होता. डब्यांत थोड्या प्रिंटही निघाल्या. प्रत्येकीच्या मागे जांभळ्या शाईचा गोल शिक्का: बाबांचं नाव, खाली सीताबर्डी, नागपूर. प्रिंट सगळ्या आईच्या हातच्या. बाबा लग्नाच्या ऑर्डरवर बाहेरगावी गेले की पासपोर्टसुद्धा तीच काढायची. मी विचारलं, "तुझं नाव कुठंच कसं नाही गं?" ती म्हणाली, "दुकान त्यांचं होतं नं." आणि मेथी निवडत बसली.

मला मात्र झोप नाही आली. कारण नेमकी याच आठवड्यात मी छायाचित्र-पत्रकार होमाई व्यारावालांबद्दल वाचून राहिली होती.

जन्म ९ डिसेंबर १९१३, नवसारीचा. वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत नट आणि दिग्दर्शक, म्हणजे बिऱ्हाड कायम पाठीवर. लहानपण कंपनीबरोबर गावोगाव हिंडण्यात गेलं, मग मुंबई. मॅट्रिकच्या वर्गात ही एकटी मुलगी. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तेराव्या वर्षी माणेकशा व्यारावाला भेटले, कॅमेरा शिकवला त्यांनीच आणि नंतर लग्नही त्यांच्याशीच झालं. माणेकशा टाइम्स ऑफ इंडियात हिशेबाचं काम बघायचे आणि फोटोही काढायचे. जे. जे.तली मैत्रीण रेहाना मोगल होमाईंच्या सुरुवातीच्या कितीतरी फोटोंत दिसते. त्यातली मुंबईची पोरगी इतकी मोकळी आहे की फोटो नव्वद वर्षांमागचा वाटत नाही.

पहिली कमाई बायकांच्या एका क्लबच्या सहलीच्या फोटोंची. बॉम्बे क्रॉनिकलनं छापले, एका फोटोला एक रुपया. मग महायुद्ध सुरू झालं आणि इलस्ट्रेटेड वीकलीची कामं मिळायला लागली. सुरुवातीला ते फोटो छापून यायचे माणेकशांच्या नावानं. बाई, त्यात कोणाला माहीत नसलेली. तिचं नाव कोण छापणार?

तर प्रश्न असा: याला अन्याय म्हणायचं की त्या काळची सोय? आणि माझ्या आईच्या बाबतीत काय म्हणायचं?

तर्रीपोहा (रविवार, रात्री १०.५८)

वाचतोय. डालडाच्या डब्यात आमच्याकडे तुळस होती. पिवळा डबा, त्यावर ताडाचं झाड आणि आत तुळस. आजीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मानेवाड्याचा_राजा (रविवार, रात्री ११.२०)

ताई, लेख मस्त. भारतातली पहिली महिला फोटोग्राफर आणि आपल्याले शाळेत एक ओळ नाही शिकवली. पुतळे मात्र चौकाचौकात.

इतवारीकर (सोमवार, सकाळी ७.१५)

पहिली महिला 'छायाचित्र-पत्रकार' म्हणा, फोटोग्राफर नव्हे. हा घोळ सगळीकडे होतो.

लाला दीनदयाळ यांनी हैदराबादला १८९२ साली खास पडदानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो चालवायला एक इंग्रज बाईच नेमली होती. कलकत्त्याला अन्नपूर्णा दत्त होत्या, १८९४ चा जन्म. घरोघरी जाऊन बायकांचे फोटो काढायच्या आणि त्यावर संसाराला हातभार लावायच्या. कारण तेच, परपुरुषापुढे बसायचं कसं? तेव्हा बायका फोटो काढत होत्या, पण घरात, पडद्याआड. होमाई रस्त्यावर आल्या, मंत्र्यांच्या नि व्हाइसरॉयच्या समोर उभ्या राहिल्या. 'पहिली'चा खरा अर्थ तेवढाच, आणि तो काही कमी नाही.

बर्डीवाली (सोमवार, सकाळी ९.०५)

इतवारीकर काका, बरोबर. शीर्षकात 'पहिली' मुद्दामच नाही लिहिलं.

तर्रीपोहा, डालडाची गंमत तर पुढंच आहे. होमाईंनी स्वतःला टोपणनाव घेतलं होतं 'डालडा १३'. जन्म १९१३, नवरा भेटला तेव्हा वय १३, आणि पहिल्या गाडीला नंबर मिळाला डी-एल-डी १३. मोटारीच्या नंबरप्लेटमध्ये वनस्पती तूप दिसणारी बाई मला फार आवडली. तेराला लोक घाबरतात, तिनं तो गळ्यात घालून मिरवला.

रोल_बारा (सोमवार, दुपारी १.३०)

मी हौशी, पण जुने कॅमेरे जमवतो, म्हणून कामाबद्दल थोडं.

त्यांच्याकडे रोलीफ्लेक्स होता आणि स्पीड ग्राफिकही. रोलीफ्लेक्स छातीशी धरून वरून खाली काचेत बघायचं. काचेत चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे चालला की तुमचा हात चुकीच्या बाजूला वळतो. सवय व्हायला महिने लागतात. एका रोलवर बारा फोटो, संपले की रोल बदला, तोवर नेहरू गाडीत बसून गेलेले. स्पीड ग्राफिक म्हणजे तर पेटाराच. एका होल्डरमध्ये दोन फिल्मा, पुढं एक मागं एक. एक फोटो काढला की होल्डर काढून उलटा करायचा, झाकण सरकवायचं, शटर पुन्हा चढवायचं. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटतो. गरम बल्ब काढून दुसरा लावा. हे सगळं साडी नेसून, गर्दीत, आणि सामान स्वतःच्या खांद्यावर. दिल्लीत त्या सुरुवातीला सायकलवरून हिंडायच्या.

रोलीफ्लेक्सचा एक फायदा मात्र आहे. फोटो काढणारा मान खाली घालून असतो. समोरच्याला वाटतं आपल्याकडे कोणी बघतच नाही.

धरमपेठ_कन्या (सोमवार, दुपारी ३.१०)

मूळ प्रश्नावर येऊ या का? बायकोच्या कामावर नवऱ्याचं नाव, यात सोय कोणाची? होमाईंची नक्कीच नव्हती. 'त्या काळी असंच होतं' हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. त्या काळी बरंच काही होतं. आणि बर्डीवाली, तुमच्या आईंचा 'दुकान त्यांचं होतं नं' वाचून मला गलबलून आलं.

इतवारीकर (सोमवार, सायंकाळी ५.४५)

कन्ये, अन्याय होता हे मान्य. पण त्या स्वतः याकडे कसं बघत होत्या तेही पाहा. साडीतली बाई कॅमेरा घेऊन फिरते म्हणजे नुसती मिरवते आहे, असं लोकांना वाटायचं. कोणी गंभीरपणे घेईना. त्यांनी म्हणून ठेवलंय की हेच माझ्या पथ्यावर पडलं, जिथं इतरांना अडवायचे तिथं मला कोणी हटकलं नाही. फोटो छापून आल्यावर लोकांना कळलं की ही बाई काम करत होती.

१९४२ मध्ये ब्रिटिश माहिती खात्यात नोकरी लागली म्हणून दोघं दिल्लीला गेली. तिथं कॅमेरा घेऊन बाहेर हिंडायच्या होमाई, आणि धुण्या-छापण्याचं बरंचसं माणेकशांकडे. तुमच्या बर्डीच्या दुकानाच्या बरोबर उलट!

धरमपेठ_कन्या (सोमवार, सायंकाळी ६.०२)

त्यांच्या पथ्यावर पडलं म्हणून अन्यायाचा न्याय होत नाही, काका. त्यांनी त्यातून वाट काढली, श्रेय त्यांचं. वाट अडवणाऱ्यांचं नाही.

इतवारीकर (सोमवार, सायंकाळी ६.२०)

हे बरोबर बोललीस.

बर्डीवाली (सोमवार, रात्री १०.१५)

आज आईला बोलतं करायचा प्रयत्न केला. नावाचा विषय काढला की ती उठून जाते, म्हणून डार्करूमचं विचारलं. मग मात्र दीड तास.

डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली, सहा बाय पाच. खिडकीला काळा कागद, त्यावर घोंगडी. पंखा नाही, कारण धूळ उडते. आता हे नागपूरच्या मे महिन्यात डोळ्यांसमोर आणा. बाहेर पंचेचाळीस, नळाला येणारं पाणी चहाचं आधण. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, पाहिजे वीस डिग्रीच्या आसपास. जास्त गरम झाला तर फिल्मवरचा मसाला फुगतो, जाळी पडते, कधी चक्क सुटून ट्रेमध्ये तरंगतो. म्हणून उन्हाळ्यात फिल्म धुवायची रात्री अकरानंतर. बाबा सायकलवर पोत्यात गुंडाळून बर्फाची लादी आणायचे, आई ती फोडून ट्रेमध्ये टाकायची. माठाचं पाणी घरात प्यायला कमी आणि डार्करूमला जास्त. लाल दिव्यात ती फिल्म वरखाली करत तासन्‌तास उभी. हायपो नावाच्या रसायनानं बोटं पिवळी पडायची, नखांच्या कडा चिरायच्या. लग्नाच्या सीझनमध्ये मेंदी लावली तरी रंगायची नाही म्हणे.

टचिंग पण तिचंच. निगेटिव्हवर पेन्सिलनं इतकं बारीक काम की देवीचे व्रण, डोळ्याखालचं काळं, सगळं गायब. पेन्सिलचं शिसं बोटभर लांब काढून पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं. ती म्हणाली, "नवरीचा टिळा बिघडला असला तर तोसुद्धा मीच नीट करत होती. लग्न लागलं तेव्हा नसंल इतकी सुंदर दिसायची फोटोत." हे सांगताना हसली. पहिल्यांदाच.

नागपूरची_सून (मंगळवार, सकाळी ८.३०)

बर्फाच्या लादीवर थांबले. काय दिवस होते.

मानेवाड्याचा_राजा (मंगळवार, सकाळी १०.१०)

१५ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर झेंडा फडकला त्याचा फोटो याच बाईंचा नं?

इतवारीकर (मंगळवार, सकाळी १०.४०)

राजे, लाल किल्ल्यावर नेहरूंनी झेंडा फडकवला तो १६ ऑगस्टला. दर १५ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर चुकीचं फिरतं. होमाईंचा तो फोटो आहे आणि गर्दीचा कोपरान्‌कोपरा त्यात आहे.

गांधीजींची गोष्ट मात्र मनाला लागते. ३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला हाउसच्या प्रार्थनेला निघाल्या होत्या. नवऱ्यानं दुसऱ्या कामासाठी परत बोलावलं. थोड्या वेळात बातमी आली. अंत्ययात्रेचे फोटो त्यांनी काढले, पण तो क्षण हुकला याची रुखरुख आयुष्यभर राहिली.

तर्रीपोहा (मंगळवार, सकाळी ११.०५)

पत्रकारितेत होतो, चार वर्षं. चहाला गेलो आणि मंत्र्यांनी राजीनामा दिला, असं झालंय. त्याचंच अजून मनात आहे. हे तर... जाऊ द्या.

रोल_बारा (मंगळवार, दुपारी १२.३०)

माझा आवडता फोटो नेहरूंचा पालम विमानतळावरचा. बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट बघत उभे आहेत आणि शेजारी पाटी: फोटो काढण्यास सक्त मनाई. बाईंनी पंतप्रधान आणि पाटी दोन्ही एका चौकटीत पकडले. खोडकरपणा लागतो त्याला. दुसरा एक आहे, त्यात नेहरूंच्या ओठांत सिगारेट आणि ते एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या बायकोची सिगारेट पेटवून देत आहेत. आजच्या काळात हा फोटो निघाला असता तर चार दिवस टीव्हीवर रणकंदन. नेहरू त्यांचे लाडके. ते गेले तेव्हा बाकीच्या फोटोग्राफरांना दिसू नये म्हणून तोंड लपवून रडल्या.

अजनी_लोकल (मंगळवार, रात्री ९.५०)

थोडं विषयांतर, पण नागपूरच्या धाग्यावर हे यायलाच पाहिजे.

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये दलाई लामा बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षासाठी भारतात आले, नथू-ला मार्गे सिक्कीममध्ये. तो फोटो काढायला होमाई टाइम-लाइफसाठी सिक्कीमला गेल्या होत्या. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला इथं आपल्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. माझे आजोबा त्या गर्दीत होते. पांढरा सदरा उसना आणला होता. लाखो लोक, आणि आमच्या घरात त्या दिवसाचा एकही फोटो नाही. कॅमेरा होता कोणाकडे? आजोबांचा आयुष्यातला पहिला फोटो १९७१ चा, रेल्वेच्या ओळखपत्राचा. बर्डीवरच्याच कुठल्यातरी स्टुडिओत काढला होता. ताई, तुमचाच तर नव्हे?

बर्डीवाली (मंगळवार, रात्री १०.२०)

१९७१ ला आमचा स्टुडिओ होता! प्रिंटच्या मागे बघा ना.

अजनी_लोकल (मंगळवार, रात्री १०.३५)

ओळखपत्रावर डकवलेला आहे. काढला तर फाटेल. राहू द्या.

मिहान_मित्र (बुधवार, सकाळी ९.००)

मुद्दा असा की १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा कायमचा ठेवून दिला. माणेकशा १९६९ ला गेले, त्यानंतर वर्षभरात. कारण सांगितलं ते विचार करण्यासारखं: आमच्या वेळी फोटोग्राफरांची शिस्त होती, कपड्यांचासुद्धा रिवाज होता, एकमेकांना मान होता. नवे लोक नुसते झटपट पैशाच्या मागं. त्या गर्दीत मला राहायचं नव्हतं. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात ड्रोनवाल्यानं अक्षता पडताना अंतरपाट उडवला, तेव्हा मला बाईंची फार आठवण झाली.

धरमपेठ_कन्या (बुधवार, सकाळी ९.४०)

अंतरपाट उडवला?? 😂 यावर वेगळा धागा काढा.

पण छप्पन्न-सत्तावन्नाव्या वर्षी, हातात कसब असताना, नाव असताना सगळं सोडून द्यायचं आणि पुन्हा एक फोटोही काढायचा नाही? मला नाही पटत. नवरा गेला आणि डार्करूम थंडावली, हेही त्यामागं असेल असं आपलं मला वाटतं.

सून_बडोद्याची (बुधवार, दुपारी २.१५)

मी मूळची नागपूरच्या महाल भागातली, लग्नानंतर वडोदऱ्याला. होमाई शेवटची तीस वर्षं इथंच होत्या. आधी पिलानीला, मुलगा तिथं बिट्समध्ये शिकवायचा. १९८२ मध्ये इकडं आल्या. १९८९ ला कॅन्सरनं मुलगा गेला. त्यानंतर लहानशा घरात एकट्या, बागकाम करत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १५ जानेवारी २०१२ ला गेल्या, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन. निगेटिव्ह आणि फोटो त्यांनी आधीच दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवले होते, म्हणून आज ते बघायला मिळतात. डब्यांत राहिले असते तर?

रोल_बारा (बुधवार, दुपारी ३.००)

बर्डीवाली ताई, यावरून आठवलं. ते डबे आजच्या आज रिकामे करा. नाकाजवळ धरून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे, आणि बंद डब्यात ती शेजारणीलाही कुजवते. तसल्या निगेटिव्ह वेगळ्या काढा. बाकीच्यांना कडेनंच धरायचं, सुती हातमोजे घालून. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही. नवी साधी कागदी पाकिटं करा आणि माळ्यावर पुन्हा मुळीच ठेवू नका; नागपूरचा माळा उन्हाळ्यात भट्टी असतो. कपाटात खालच्या कप्प्यात बरं. स्कॅन मी करून देईन, पैसे नकोत. पाकिटांवर काही लिहिलं असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

बर्डीवाली (गुरुवार, रात्री ११.३०)

अख्खा धागा आज आईला वाचून दाखवला. चष्मा लावून, मान हलवत ऐकलं. होमाईंच्या गोष्टीत ३० जानेवारीला "अरे देवा" म्हणाली. कन्या आणि काकांच्या भांडणावर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तू चुकीचं लिहिलं आहेस."

मला वाटलं आता नावाचं काहीतरी निघणार.

"लाल लाइट कागदाला असतो. फिल्मला लाल लाइट दाखवला तर काळी होईल सगळी. फिल्म पूर्ण अंधारात धुवायची, हातानं मोजून. मी सव्वाशे आकडे म्हणायची मनात, मग पुन्हा सव्वाशे. आणि बर्फ ट्रेमध्ये नाही टाकायचा, डेव्हलपर पातळ होतो नं! मोठ्या परातीत बर्फ, त्यात ट्रे. लोक वाचतील तर काय म्हणतील, या बाईला काम येत नव्हतं?" आणि रोल_बारा, तुमच्यासाठी निरोप: "तो कॅमेरेवाला पोरगा एवढा हुशार, त्याच्याही लक्षात नाही आलं?"

तर दुरुस्ती करते. फिल्म अंधारात, बर्फ परातीत.

डबे रिकामे केले. एका पाकिटातल्या निगेटिव्हना आंबट वास आहे, त्या बाजूला काढल्या. प्रत्येक पाकिटावर आईच्या अक्षरात पेन्सिलनं नोंद आहे. एक तिनं स्वतःकडे ठेवून घेतलं आणि तेव्हापासून बेचैन आहे. त्यावर लिहिलंय: 'धंतोली, लग्न, मे ७८, ॲडव्हान्स जमा, ३ कॉपी बाकी.' नाव पुसलं गेलंय. निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिली: घराच्या फाटकाशी नवरानवरी, मागं फियाट, बाजूला आंब्याचं झाड, नवरीच्या कडेवर कोणाचं तरी रडकं पोर.

आई म्हणते, पैसे घेतले आहेत, कॉप्या द्याव्या लागतील. धंतोलीतल्या कोणाला हे लग्न आठवत असेल तर कृपया इथं लिहा. कॅबिनेट साइज, तीन.